आई चालायला लागली तो हिवाळा

नागपूरच्या थंडीवर लिहायचं म्हटलं की लोक संत्र्यांपासून सुरुवात करतात. करू देत. सीताबर्डीवर हातगाड्या लागतात, सालींचा वास बोटांना दिवसभर चिकटून राहतो, दुपारचं ऊन पाठीवर घेत म्हातारे ओट्यावर बसतात, हे मलाही दिसतं. पण हवेत गारवा आला की मला आधी आठवतो तो रजई लाथाडल्याचा आवाज. धप्प. महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, ऐन थंडीतल्या पहाटे, माझ्या आईनं अंगावरची रजई पायानं भिरकावली, त्याचा आवाज.

आम्ही सगळे गुडघे पोटाशी घेऊन झोपलेलो आणि आई घामानं निथळलेली. उठून ती ओट्यावर जाऊन बसायची, पदरानं वारा घ्यायची. समोर दूधवाले पाचोळा पेटवून हात शेकत असायचे आणि इकडे ही बाई गळ्यावरचा घाम पुसत बसलेली. गल्लीत कुजबुज झाली. शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. कुणी म्हणालं, बाहेरचं असेल. खरं काय ते त्या गल्लीतल्या पन्नाशीच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि एकीनंही ते तोंडानं उच्चारलं नाही. आईची पाळी बंद झाली होती. एवढंच. ना भूत, ना करणी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बायकांच्या एका गटात काम करायची, पत्रकं लिहायची. हुंड्यावर, दारूवर, स्टोव्हच्या भडक्यात जळालेल्या सुनांवर. सायक्लोस्टाईलची शाई नखांत घेऊनच जेवायला बसायची. आम्हाला शिकवलं होतं की पत्रकात पहिल्याच ओळीत सांगायचं, अन्याय कोण करतो आहे. मग आता सांगते. आईच्या त्या घामावर अन्याय आम्ही सगळेच करत होतो, आणि त्याला आम्ही घर म्हणत होतो.

पाळी होती तोवर आईला महिन्यातले चार दिवस बाजूला बसवत. त्या प्रथेविरुद्ध मी एक पत्रक लिहिलं आहे आणि त्यातलं एक अक्षरही मागे घेणार नाही. पण हेही लिहिलं पाहिजे की ती चार दिवसांची अस्पृश्यता हीच त्या बाईच्या आयुष्यातली एकमेव रजा होती. पाळीबरोबर ती रजाही गेली. आता ती कायमची शुद्ध. म्हणजे कायमची स्वयंपाकघरात. सोवळ्याचा नैवेद्य तिनं करायचा, शेजारच्या घरचं पुरण तिनं वाटायचं, गल्लीतल्या कुणाच्याही लग्नाचे पापड तिच्या देखरेखीखाली लाटायचे. ‘वत्सलाबाई आता मोकळ्या झाल्या,’ असं सगळ्या म्हणायच्या. मोकळी झालेली ती बाई दिवसभर चुलीपुढच्या पाटावर बसून असायची.

आणि अंग वाढत होतं. चोळ्यांच्या शिवणी उसवून झाल्या, मग शिवणीत कापडच उरलं नाही. बांगडीवाली साबण लावूनही बांगडी चढवू शकली नाही आणि म्हणाली, “बाई, हात कोणाचा आणला वं?” माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, घरात विनोद करायचा, “आई, तुले पाहून रिक्षावाला डबल सवारी मोजून राहिला.” सगळे हसायचे. आईही हसायची. पण गच्चीवर वाळत घातलेलं काही आणायला निघाली की अर्ध्या जिन्यात थांबायची, भिंतीला तळवा टेकून. मला तो तळवा अजून दिसतो. चुन्याच्या भिंतीवर ओला ठसा उमटायचा.

एकदा तिथंच, जिन्यात थांबलेली असताना, ती मला म्हणाली, “तुह्या आजीले मी किती वर्षं उचललं, तुले मालूम आहे नं नंदे? कूस बदलायची तरी दोघी लागत. मले तसं नाही पायजे. मले कोणाच्या हातानं उठायचं नाही.”

हे वाक्य ऐकलं आणि मला कळलं की आईला बारीक व्हायचं नाही. तिला उठायचं आहे. आपलं आपण.

हा फरक मी मुद्दाम लिहिते आहे. आजकाल मासिकांतून जाहिराती येतात, सुडौल व्हा, पतिराजांना पुन्हा जिंका. जिंकलेले पतिराज ठेवायचे कुठे तेही सांगा म्हणावं. सडपातळपणाशी मला काही देणंघेणं नाही. बाई जाड असो की काटकुळी, कुणाच्या डोळ्यांना सुख द्यायला ती जन्मलेली नाही. पण तिचा गुडघा तिचा आहे. तिचा श्वास तिचा आहे. त्यासाठी ती भांडणार असेल तर मी तिच्या बाजूनं भांडेन, आणि त्या हिवाळ्यात भांडले.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्याच्या भिंतीवर चित्रं होती. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, गरोदर बाई, बाळाला पाजणारी बाई, दोन मुलांची हसरी बाई. सगळ्या बायका तिथं संपत होत्या. त्यापुढची बाई कुठल्याही भिंतीवर नव्हती. गर्भाशयाचं काम संपलं की सरकारचं आणि समाजाचं त्या बाईशी काम संपलं! मी हे मोठ्यानं म्हणाले तशी आई म्हणाली, “चूप बस वं, इंजेक्शन जोरात देतील.”

डॉक्टरांनी आईकडे न पाहता दाब मोजला. “पाळी गेली की बायका सुटतातच. आता वजन उतरवा. खाणं कमी, फिरणं जास्त. नाहीतर गुडघे जातील आणि अंथरूण धराल.” मग औषधाच्या कंपनीनं छापलेला आहाराचा इंग्रजी कागद हातात दिला. त्यात टोस्ट होता, उकडलेलं अंडं होतं, अर्धं सफरचंद होतं आणि सूप. घरी येऊन मी तो वाचून दाखवला. आईनं शांतपणे ऐकला आणि विचारलं, “हे सूप कोणत्या डाळीचं असते?”

तो कागद बाबांनी दाढीचा साबण पुसायला वापरला. त्याची तेवढीच लायकी होती.

राहिला डॉक्टरांचा उपदेश, खाणं कमी करा. आता हे सांगणं किती सोपं आहे! आमच्या घरात पुरुषानं ‘बस’ म्हटलं की वाढणारा हात थांबायचा. बाईनं ‘मले नको’ म्हटलं की चौकशी सुरू व्हायची. काहून नको? रुसली काय? कोणी काही बोललं? ताप आहे? बाईला न जेवायला कारण लागतं, आणि आमच्याकडे चालणारं कारण एकच होतं, देव. म्हणून आईनं तिला ठाऊक असलेला एकच उपाय केला. तिनं उपास वाढवले.

मार्गशीर्ष लागलाच होता. लक्ष्मीचे गुरुवार होतेच, त्यात सोमवार धरला, शनिवार धरला, चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या. पहाटे न्हाऊन, ओल्या केसांनी ती कलशापुढे बसायची, आंब्याच्या पानांवर पाणी थरथरायचं, उदबत्तीचा धूर थंडीनं खालीच रेंगाळायचा. सुंदर दिसायचं ते. मी देव मानत नाही, पण डोळे आहेत मला. आणि पूजा झाली की चूल पेटायची. तुपात न्हालेली साबुदाण्याची उसळ, तिच्यात दाण्याचं कूट आणि आलू. शिंगाड्याचा शिरा. राजगिऱ्याचे लाडू. दुपारी चक्कर आली तर गूळ-शेंगदाणे. उपास आईचा आणि जिभल्या सगळ्यांच्या. दादा आदल्या दिवशीच विचारायचा, “उद्या कोणता वार आहे वं आई? उसळ जरा जास्तीची कर.” पंधरवडाभर आमच्या घरात बारशाला नसतं तेवढं गोड शिजलं, आणि त्याचं नाव होतं वजन उतरवणं.

मामाला गाडीत बसवायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. फलाटावर वजनाचं यंत्र होतं, आत लाल-पिवळे दिवे गरगर फिरणारं. गाडी सुटल्यावर आई इकडेतिकडे बघत हळूच त्याच्यावर चढली. नाणं टाकलं, खडखड झालं, तिकीट पडलं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला हिंदीत भविष्य, की तुमच्या परिश्रमाचं फळ लवकरच दिसेल. फळ पलीकडच्या बाजूला छापलेलंच होतं. वजन वाढलं होतं.

आई यंत्रावरून उतरली नाही. तशीच उभी राहिली, दिवे तिच्या तोंडावर लाल-पिवळे होत राहिले. म्हणाली, “इतके उपास करून? देव मले काहून पावत नाही वं?”

“देवाचा काही संबंध नाही आई. साबुदाण्याचा आहे.”

झालं. रिक्षातून उतरून घरात पाऊल ठेवताच ती म्हणाली, “मोर्चे काढायचे तं बाहेर काढ. माह्या देव्हाऱ्यात घुसू नको.” पुढचे काही दिवस अबोला. माझं ताट समोर सरकवलं जायचं, बस.

अबोला मोडला तो कांताबाईंनी. कांताबाई आमच्या गटात होत्या, महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या, मुलींकडून कवायत करून घ्यायच्या. आईच्याच वयाच्या, आईसारख्याच भरलेल्या, आवाज मैदानावरचा. पत्रकांचा गठ्ठा न्यायला त्या आल्या तो नेमका गुरुवार. आईनं रीत म्हणून उसळीची बशी पुढे केली.

“घ्या, उपासाचं आहे.”

कांताबाईंनी एक घास खाल्ला. “लय झकास झाली वत्सलाबाई. आमच्या घरचे उपास तं बौद्ध दीक्षा घेतली त्याच दिवशी सुटले. आता मी रोज जेवून जाडी, तुम्ही रोज उपाशी राहून जाड्या. मंग या सौद्यात फायदा कोणाले झाला, सांगा बरं?”

मला वाटलं, संपलं. आई बशी ओढून घेईल. पण आई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. त्या हिवाळ्यातलं तिचं पहिलं मनमोकळं हसू.

कांताबाईंनी मग बशी खाली ठेवली आणि आवाज जराही न उतरवता म्हणाल्या, “माही पाळी जाऊन दोन वर्षं झाले. तुमची?”

आईनं आधी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. रस्त्यावरून सायकली जात होत्या. मग तीही बोलली. घाम, धडधड, रात्रीची झोप, उगाच येणारं रडू. तासभर दोघी बोलत होत्या, उन्हाचा चौकोन जमिनीवरून भिंतीवर चढेपर्यंत. मी इतकी वर्षं बायकांच्या सभा घेते आहे. तशी सभा मला अजून जमलेली नाही.

पुढच्या गुरुवारी कलश मांडला गेला, कथा वाचली गेली, आणि चूल पेटली ती भाकरीसाठी. दादानं टोपलं उघडून पाहिलं. “उसळ कुठं आहे?”

“नाही केली.”

“मंग उपास कायचा?”

“उपास माहा आहे,” आई म्हणाली. “तुहा नाही.”

पण खरी गोष्ट साबुदाण्याच्याही पलीकडे होती. ती ताटात होती, किंवा ताट नव्हतं त्यात होती. आमच्या घरात आईचं ताटच नव्हतं. बाबा जेवायचे, मग दादा, मग मी. आम्ही उठलो की आई गंजाशी, परातीशी, कढईशी बसायची. कढईला लागलेली भाजी भातानं पुसून घ्यायची. दादानं टाकलेली अर्धी पोळी, कालचा उरलेला भात, वरणाच्या तळाचं तूप, कुणी आलं असेल तर त्यांच्यासाठी केलेलं आणि न संपलेलं. तिला भूक किती आहे हा प्रश्नच नव्हता. उरलं किती आहे एवढाच प्रश्न. अन्न टाकवत नाही म्हणून तिनं स्वतःच्या पोटाचा उकिरडा होऊ दिला होता, आणि आम्ही त्याला माऊलीपण म्हणत होतो!

यावर पत्रक काढू असं मी गटाच्या बैठकीत म्हटलं. आमच्या एक ज्येष्ठ ताई तडकल्या. “देश उपाशी आहे आणि तू चरबीवर पत्रक काढतेस? हे खात्यापित्या घरचे चोचले आहेत.”

मी म्हटलं, ताई, मजुराच्या झोपडीत शेवटी जेवणारी बाई वाळते आणि आमच्या घरात शेवटी जेवणारी बाई सुजते. एकीला काही उरत नाही, दुसरीला सगळं उरलेलं गिळावं लागतं. रांगेतली जागा दोघींची तीच आहे. ती जागा बदला, मग चरबीचं बोला.

ते पत्रक निघालं नाही. मतदानात मी हरले. हा लेख म्हणजे तेच पत्रक समजा, आता त्याला मतदानाची गरज नाही.

घरात मात्र मी हरले नाही. म्हणजे, मी काही केलंच नाही, आईनंच केलं. एका दुपारी बाबांचं ताट वाढलं, दादाचं वाढलं, माझं वाढलं आणि शेजारी चौथं मांडलं. एक ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वाटीभर घट्ट वरण, कांदा, ताक. पाट ओढला आणि बसली. बाबा गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानातून दुपारी जेवायला घरी येत. त्यांनी घास हातात धरून विचारलं, “कोणी यायचं आहे काय?”

“आली,” आई म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

कुणाला वाढून घ्यायची सवय नव्हती, म्हणून वाट पाहून पाहून दादानं शेवटी स्वतः उठून पातेल्यातलं वरण घेतलं आणि अर्धं मांडीवर सांडलं. त्या दिवशी कढईत उरलेली भाजी कढईतच राहिली. संध्याकाळी गाईला गेली. आईला ते जड गेलं, दोनदा तिचा हात कढईकडे गेलेला मी पाहिला. दोन्ही वेळा तो रिकामा परत आला.

आता फिरणं. डॉक्टर म्हणाले होते, फिरणं जास्त. पण बाई फिरते कुठे? बाजारात पिशवी घेऊन जाते, देवळात तबक घेऊन जाते, नातेवाइकांकडे डबा घेऊन जाते. हातात काही नसलेली पन्नाशीची बाई सकाळी रस्त्यानं चालली आहे, हे दृश्य महालात नव्हतंच. म्हणून आईनं तबक घेतलं. हळद, कुंकू, फुलं, निरांजन, पाण्याचा तांब्या. जवळच्या ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावाला फेरी मारायची तर देवळाला चालल्याचं सोंग. तलावावर धुकं असायचं, पाण्याच्या कडेला शेवाळाचा थंड वास, पलीकडच्या काठाची घरं पुसट पुसट. काठावर कानटोपी घातलेले पेन्शनर तुरुतुरु चालत, हात झुलवत. आणि माझी आई निरांजन विझू नये, तांब्या सांडू नये म्हणून पाऊल मोजून मोजून.

कांताबाई पहिल्या दिवशी सोबत आल्या आणि कंबरेवर हात ठेवून थांबल्या. “हे फिरणं आहे का वरात?” त्यांनी तबक आईच्या हातातून घेतलं आणि काठच्या देवळाच्या पायरीवर ठेवून दिलं. “देव सांभाळते. चाला आता.”

हात मोकळे झाले तर त्यांचं काय करावं ते आईला कळेना. लग्न झाल्यापासून रस्त्यावर तिचे हात कधी रिकामे नव्हते. दोन्ही हात तिनं पोटाशी धरले, मग पदरात गुंडाळले, मग सोडून दिले. तलावाच्या वळणावर केव्हातरी ते हलायला लागले. मागून चालताना मी ते पाहिलं, आणि आजही थंडीत कुणी बाई हात हलवत झपझप चालताना दिसली की मला राग येतो. इतकी साधी गोष्ट मिळायला इतका उशीर काहून?

चप्पल तुटली तशी बुटांची गोष्ट निघाली. आम्ही तिघी सीताबर्डीवर गेलो. दुकानदार जरीपटका वस्तीतला, सिंधी, तोंडात साखर. आईनं पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांकडे बोट केलं.

“माताजी, लड़के का नंबर क्या है?”

“लडका नाही. मले पायजे,” आई म्हणाली आणि नऊवारीच्या काठाखालून पाय पुढे केला. “पाय इथं आहे. मोजा.”

त्यानं मोजला. हसला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. हसायला तलावावरचे होते. दुसऱ्याच दिवशी बाकावरचा एक कानटोपीवाला ओरडला, “काय वैनी, पोलिसात भरती हून राहिल्या काय?”

“हाव भाऊजी,” कांताबाई न थांबता म्हणाल्या, “उद्या तुम्हालेच धराले येतो. घरीच राहजा.”

बाकावरचे बाकीचे त्यालाच हसले. पुढे तो आम्हाला पाहिलं की वर्तमानपत्र उलटं धरायचा.

उन्हं वर आली की गच्चीवर कवायत. पाण्यानं भरलेले दोन तांबे दोन हातांत, वर, बाजूला, खाली. पाटावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. पहिल्यांदा आई उठलीच नाही, बसल्या जागी डुगडुगून हसत राहिली, तांब्यातलं पाणी अंगावर. कांताबाई शाळेतल्या आवाजात आकडे मोजायच्या आणि शेजारच्या गच्चीवर बायका गहू निवडता निवडता पाहायच्या. संक्रांत येईपर्यंत त्यांच्यातल्या दोघी आमच्या गच्चीवर होत्या.

आणि आई जिन्यात थांबायची ती थांबेनाशी झाली.

मग बाबांनी बंद केलं. दुकानात कुणीतरी त्यांना म्हणालं, तुमच्या घरच्या बूट घालून तलावावर पळतात म्हणे. संध्याकाळी घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, “उद्यापासून हे बंद. घरात काय कमी काम आहे? घरातच फिर.”

मी सुरू झाले. पत्रकाची सगळी वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती, बाईचं शरीर, बाईचा वेळ, बाईचा रस्ता. आई भाकर थापत होती. “नंदे, तू चूप बस,” म्हणाली. बाबांकडे तिनं पाहिलंही नाही. भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. मला वाटलं, हरली. पन्नास वर्षांची सवय आहे, हरणारच. त्या रात्री मला तिचा राग आला, हेही खरं.

पहाटे जाग आली ती नाडीच्या सरसर आवाजानं. आई दाराशी बसून बूट बांधत होती. बाबा बाजेवर उठून बसले होते, खांद्यावर शाल, केस विस्कटलेले. चिडलेले कमी आणि चक्रावलेले जास्त दिसत होते.

“अन् माहा चहा?”

“गंजात पाणी ठेवलं आहे. पत्ती, साखर फडताळात. आधण आलं की टाका.”

“मले चहा करता येत नाही.”

आई उभी राहिली. हात न टेकता. “मलेही चालता येत नव्हतं,” ती म्हणाली, “शिकली.”

आणि गेली. मी धावत मागे निघाले तेव्हा ती गल्लीच्या टोकाला पोहोचली होती, धुक्यात फक्त पांढरे बूट दिसत होते, पुढे, मागे, पुढे.

बाबा चहा न पिता दुकानात गेले. कित्येक दिवस कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पीत राहिले आणि घरी येऊन त्या चहाची तारीफ करत राहिले. आई म्हणायची, “अच्छा आहे बाप्पा. प्या.” थंडी सरली, ऊन चढलं, सकाळ लवकर तापायला लागली तशी आई आणखी लवकर निघायला लागली. कधीतरी एका सकाळी आम्ही फिरून आलो तर गंजात चहा होता. काळाकुट्ट, साखर पायलीभर. आईनं तो अर्धा प्यायला, बाकीचा मोरीत ओतला.

हिवाळा पुन्हा आला आहे. आई आता साठीला टेकते आहे. ज्यांना शेवटी चमत्कार हवा असतो त्यांच्यासाठी सांगते, ती बारीक झालेली नाही. चोळी थोडी आत घ्यावी लागली, दाब उतरला, घाम आपोआप केव्हातरी थांबला. दादाची बायको तिच्याबरोबर ताट वाढून घेते, दादा स्वतःचं वरण आता न सांडता घेतो. गुडघे दुखतात, जिना चढताना कुरकुरतात, पण चढतात. तलावावर आता सकाळी बऱ्याच बायका असतात. कुणाच्याही हातात तबक नसतं.

बाबांनी ते फर्मान मागे घेतलेलं नाही. परवानगीही दिलेली नाही, आजतागायत. आईनं ती मागितलेलीही नाही.